कॅप्टन स्पर्लिंगचं पालुपद

डिलिस प्रोबर्टने ऑब्री कार्स्टनवर डूख धरला तो त्याला हातमोजे घालताना पाहून. साल अठ्ठेचाळीस, ऑक्टोबरातली मंगळवारची सकाळ, लंडनच्या रेडिओ केंद्रातला लांबच लांब पॅसेज. आतल्या खोलीत तिच्या भावाचं, एम्लिनचं, काम पाचच मिनिटांपूर्वी गेलं होतं. ऑब्री त्याच खोलीतून बाहेर आला होता आणि एकेक बोट नीट दाबून करड्या कातड्याचे मोजे चढवत होता.

"तुम्ही बोलला का नाहीत?" डिलिसने त्याला अडवलं. "तो विनोद तुमचा होता. तुमच्या पेन्सिलीने, तुमच्या अक्षरात लिहिलेला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय तो कागद."

ऑब्रीच्या चेहऱ्यावर ना लाज, ना राग. बस चुकलेल्या माणसाकडे बसमधला माणूस पाहतो, तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मला कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला, आणि लिफ्टकडे चालता झाला.

झालं होतं ते असं. एम्लिन आणि ऑब्री युद्धात इटलीला एकाच पलटणीत होते. सैनिकांची करमणूक करणाऱ्या मंडळीत एम्लिन लिहायचा, ऑब्री बोलायचा. युद्ध संपल्यावर एम्लिनने रेडिओसाठी एक विनोदी मालिका रचली: 'समुद्र दिसत नाही'. समुद्रकाठच्या गावातलं एक भाड्याने खोल्या देणारं घर, नाव 'सी व्ह्यू', आणि त्याच्या एकाही खिडकीतून समुद्र दिसत नाही. घराची मालकीण मिसेस टिडमार्श, जी एकाच हाडाचं सूप सोमवार ते शनिवार पुरवते. आणि तिथे कायमचा मुक्काम ठोकलेला निवृत्त कॅप्टन स्पर्लिंग, म्हणजे ऑब्री.

मालिकेवर नाव एम्लिनचं होतं, पण लंडनमधल्याच किलबर्नच्या दोन खोल्यांत टाइपरायटरवर बसायची डिलिस. मिसेस टिडमार्शच्या तोंडचं निम्मंअधिक तिचंच. एम्लिन स्वयंपाकघरात येरझारा घालत कॅप्टनचं बोलायचा, ती टाइप करता करता मालकिणीचं उत्तर द्यायची, आणि दोघं इतकी हसायची की खालचे भाडेकरू छताला झाडूचा दांडा ठोकायचे.

दर रविवारी संध्याकाळी एका जुन्या नाटकगृहात लोकांसमोर कार्यक्रम व्हायचा आणि तिथून थेट घराघरांत जायचा. एका रविवारी ऑब्रीने आपल्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवलेलं पदरचं एक वाक्य मध्येच घुसडलं. मांसाचं रेशन दिवसेंदिवस आटतंय, पण अन्नमंत्र्यांच्या बायकोचा घेर काही आटत नाही, असं काहीतरी. नाटकगृह हसून लोळलं. सोमवारी सकाळी मात्र तारांचा आणि फोनचा पाऊस पडला. वरच्या मजल्यावरच्या साहेबांना कुणाचा तरी बळी हवा होता.

तालमीच्या वेळी होणारे बदल एम्लिन पेन्सिलीने करायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मालिकेचे निर्माते मिस्टर टिमिन्स, पोटात सदा आम्ल घेऊन फिरणारा भित्रा माणूस. ते म्हणाले, "पेन्सिलीत होतं, म्हणजे लेखकाचंच असणार." ऑब्रीचा कागद तोवर गायब झाला होता. एम्लिन म्हणाला, "माझं नाही." आणि मग त्याने मित्राकडे पाहिलं. मित्र मूग गिळून बसला. श्रोत्यांच्या लाडक्या नटाला उलटतपासणी घेण्याची कुणाची छाती नव्हती, आणि न विचारता बोलण्याची त्याला गरज वाटली नाही.

त्याच दुपारी टिमिन्सनी डिलिसला बोलावलं. पुढच्या रविवारी कार्यक्रम तर व्हायलाच हवा होता, आणि मालिकेतली ती माणसं आतून ओळखणारं दुसरं कोण होतं?

"पण रेडिओवर नाव सांगता येणार नाही, मिस प्रोबर्ट. प्रोबर्ट हे आडनाव सध्या… तुम्ही समजून घ्याल."

"घेईन," डिलिस म्हणाली.

एम्लिनने ते ऐकलं आणि बॅग भरायला घेतली. वेल्समधल्या लनेथलीला, आईबापांच्या रिकाम्या घरी परत जायचं त्याने ठरवलं होतं. पत्र्याच्या कारखान्यात कारकुनाची जागा होती.

"माझ्या खुर्चीत बसणार तू," तो म्हणाला. "त्याच्यासाठी लिहिणार."

"हो."

"का, डिल?"

खरं कारण डिलिसच्या ओठांवर आलं होतं, पण तिने ते गिळलं. सांगितलं असतं तर त्याने तिला थांबवलं असतं. तो मुळातच सौम्य माणूस. त्याच्या वाट्याचा राग बहुधा तिच्याच वाट्याला आला होता.

"टाइपरायटर राहू दे," दारातून तो म्हणाला. "तुला लागेल." लाथ मारून गेला असता तर बरं, असं तिला वाटलं.

पहिले चार आठवडे तिने काहीच केलं नाही. ऑब्रीला हवं तसं लिहिलं, त्याच्या हशाच्या जागा दुप्पट केल्या. तो खूश झाला. "भावापेक्षा बहीण सरस," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला तेव्हा तिने मान लववून आभार मानले. पाचव्या आठवड्यात तिने कॅप्टन स्पर्लिंगला एक नवी सवय लावली.

प्रसंग साधा होता. स्वयंपाकघराला आग लागते, मिसेस टिडमार्श बोंब मारत बाहेर येते, बंब येतो, अर्धं घर जळतं. मग कळतं की कॅप्टन बैठकीच्या खोलीत बसून पहिल्यापासून सगळं बघत होता. मालकीण ओरडते, "अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?" आणि कॅप्टन शांतपणे म्हणतो, "मला कुणी विचारलंच नाही!"

तालमीत ऑब्रीने ते वाक्य वाचलं. डिलिस काचेच्या पलीकडे उभी होती, त्याच्या चेहऱ्यावरची रेषन् रेष बघत. एक पापणी जरी लवली असती तर कदाचित तिने तिथेच सोडून दिलं असतं.

"छान आहे," ऑब्री म्हणाला. "'विचारलंच'वर जरा जोर देऊ का?"

"द्या ना," डिलिस म्हणाली.

लोक पहिल्या रविवारी बेताचे हसले. दुसऱ्या रविवारी घर पाण्यात बुडालं, तिसऱ्या रविवारी भाडेकरू मालकिणीची चांदी घेऊन पळाला, आणि दर वेळी कॅप्टन बैठकीत बसून बघत होता. चौथ्या रविवारी मालकिणीने नुसतं "अहो, मग तुम्ही…" म्हटलं, आणि सातशे माणसांनी कॅप्टनच्या आधी ते वाक्य म्हणून टाकलं. टिमिन्सनी टाळी वाजवली. डिलिसने पुढच्या आठवड्याचा कागद यंत्रात घातला.

वर्षभरात ते वाक्य देशभर साथीसारखं पसरलं. बस कंडक्टर म्हणायचे, शाळेतली पोरं म्हणायची. एकदा किलबर्नला खाटकाच्या दुकानात डिलिस रांगेत होती. पुढची बाई खाटकाला म्हणाली, "मेल्या, काल कलेजी आली होती तर सांगितलं का नाहीस?" खाटकाने सुरी खाली ठेवली, छाती फुगवली आणि हुबेहूब ऑब्रीच्या आवाजात ते वाक्य म्हटलं. अख्खी रांग खदखदली. डिलिसही हसली, पण तिचं हसू वेगळ्या विहिरीतलं होतं.

ऑब्रीला आधी हे सगळं गोड लागलं. तो फोटोंवर सह्या करायचा, सहीखाली ते वाक्य लिहायचा. पण गोड खाणाऱ्याच्या ताटात रोज तेच वाढलं की काय होतं ते डिलिसला माहीत होतं, आणि ती वाट पाहायला शिकली होती. हॉटेलात वेटर सूपाऐवजी ते वाक्य आणून ठेवू लागले. दंतवैद्याने दात उपटायच्या आधी म्हटलं. ऑब्रीला खरं तर शोकांतिका करायच्या होत्या, मुकुट घालून मरायचं होतं, आणि मोठी नाटकमंडळी त्याच्या तोंडावर हसत होती: "तुम्ही? राजा? लोक काय ऐकायला येतील ठाऊक आहे ना?"

पन्नासच्या हिवाळ्यात त्याची आई गेली. हॅरोगेटला दफन झालं. टिमिन्स जाऊन आले आणि सोमवारी खालच्या आवाजात सांगू लागले, "शवपेटी खाली सोडली, आणि कबर खणणारा म्हातारा ऑब्रीच्या खांद्यावर हात ठेवून काय म्हणाला, सांगा. तेच! बिचाऱ्याला वाटलं, धीर येईल. ऑब्री तिथेच गुडघ्यांवर बसला."

डिलिस ऐकत होती. तिला त्याची कीव आली, नाही असं नाही. लनेथलीहून चार महिन्यांत एम्लिनचं पत्र नव्हतं. नाताळात ती गेली होती, तेव्हा रविवारी संध्याकाळी साडेसहाला त्याने उठून रेडिओ बंद केला होता आणि अंधारात कोंबड्यांना दाणे टाकायला गेला होता. तिने तो अंधार आठवला. त्या आठवड्याच्या भागात तिने ते वाक्य दोनदा घातलं.

एकावन्नच्या मार्चअखेरीस ऑब्री तिच्या खोलीत आला. टिमिन्सच्या कचेरीमागे तिला एक खोपट मिळालं होतं, खिडकी नसलेलं. त्याच्या हातात चॉकलेटचा डबा होता. मिठाई रेशनवर होती त्या दिवसांत. महिन्याभराची कुपनं त्याने खर्ची घातली असणार.

"डिलिस," तो म्हणाला. 'मिस प्रोबर्ट' नाही. "एक मागायला आलोय. मला एक नाटक मिळालंय. खरं नाटक. हॅमरस्मिथला, मे महिन्यात. नवा कवी आहे. म्हाताऱ्या राजाची गोष्ट आहे, आणि मी राजा."

"अभिनंदन."

"कॅप्टनचं ते वाक्य काढून टाक. कायमचं नको, तोपर्यंत तरी. लोकांना जरा विसरू दे." त्याचे डोळे खोल गेले होते. "मला झोप लागत नाही गं. लोक माझ्याकडे बघतात ना, तर माझा चेहरा बघतच नाहीत. तोंड उघडायची वाट बघतात."

डिलिसने डबा टेबलाच्या एका बाजूला सरकवला.

"ते वाक्य कुठून आलं, ठाऊक आहे तुला?" 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

"तुझ्या डोक्यातून. मी नेहमीच सांगतो सगळ्यांना, पोरगी हुशार आहे."

"तुझ्या तोंडातून आलं ते. अडीच वर्षांपूर्वी, वरच्या पॅसेजमध्ये. एम्लिनला काढलं त्या दिवशी. मी विचारलं, बोलला का नाहीत? आणि तू म्हणालास."

 आठवण्याचा प्रयत्न ऑब्री मनापासून करत होता. कपाळाला आठ्या पडल्या. आणि मग त्याने मान हलवली.

"मी? असं म्हणालो होतो?" त्याला खरंच आठवत नव्हतं. "असेन बुवा. धावपळीचा दिवस होता तो. पण एम्लिनचं काय एवढं? त्याला तर गावाकडे चांगली नोकरी लागली ना? मीच म्हटलं होतं टिमिन्सला, त्याला हे शहर मानवत नाही."

डिलिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि तिथे जाऊन एकदम थंड झाली. इतकी वर्षं ती एका अपराध्याला टोचत होती, आणि त्या अपराध्याला आपण काही केल्याचाच पत्ता नव्हता. माफी मागितली असती तर तिने काय केलं असतं, देव जाणे. पण जे आठवतच नाही त्याची माफी तो मागणार तरी कशी?

"ठीक आहे," ती म्हणाली. "काढते."

"खरंच?"

"पुढच्या रविवारपासून एकदाही येणार नाही. शब्द देते."

त्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला. डोळे भरले होते त्याचे. तो गेल्यावर तिने डबा उघडून एक चॉकलेट तोंडात टाकलं आणि चघळत विचार करत बसली. उपाशी माणूस अन्न विसरतो, की त्याला ते जास्तच आठवतं, याचा.

तिने शब्द पाळला. पुढच्या रविवारी मिसेस टिडमार्शच्या घराचं छप्पर कोसळलं, "अहो, मग तुम्ही बोलला का नाहीत?" असं ती किंचाळली, लोकांनी श्वास रोखला, आणि कॅप्टन नुसता खाकरला. सातशे माणसांतून हळहळ उमटली. तिसऱ्या आठवड्यात पत्रांची पोती आली. ब्रिस्टलच्या एका आजीबाईंनी लिहिलं, कॅप्टनची तब्येत बरी नाही का? वर्तमानपत्रांनी बातमी केली. टिमिन्सचं आम्लपित्त उसळलं. "परत घाला हो, मिस प्रोबर्ट!" "मिस्टर कार्स्टनना नकोय," ती निरागसपणे म्हणायची, "मी काय करणार?" आणि दर आठवड्याला ती मालकिणीचा तो प्रश्न न चुकता लिहायची, आणि उत्तराची जागा मोकळी सोडायची.

नाटक रंगमंचावर आलं. पहिल्या दिवशी टीकाकार होते. त्यांनी सावधपणे बरं लिहिलं. डिलिसने बुधवारच्या दुपारच्या खेळाचं तिकीट काढलं, वरच्या गॅलरीतलं. बुधवारी दुपारी टीकाकार येत नाहीत. बायका येतात, पेन्शनर येतात, बस करून गावोगावची मंडळी येतात. रविवारी रेडिओला कान लावणारी माणसं. नाटकगृह भरलं होतं. ती हॅट मांडीवर ठेवून बसली आणि वाट पाहू लागली.

गोष्ट अशी होती की राजाच्या थोरल्या मुलावर खोटा आळ येतो. खरं काय ते राजाला ठाऊक असतं, पण सिंहासनाच्या लोभाने तो दरबारात बोलत नाही. मुलाला फासावर नेतात. ऑब्रीने ही भूमिका घेतली तेव्हा त्याला तिच्यात ओळखीचं काहीच दिसलं नव्हतं, हे नवल तिला दोन अंक पुरलं.

पण तिसरा अंक सुरू झाला आणि डिलिसच्या ध्यानात आलं की आपलं गणित चुकतंय. ऑब्री चांगलं करत होता. चांगलं म्हणजे, फार चांगलं. तो आल्या आल्या लोक जरा खुसखुसले होते, पण नंतर शांत होत गेले होते. आता कुणी खोकतही नव्हतं. शेजारच्या जाड बाईने पिशवीतला पाव अर्धा खाऊन तसाच हातात धरला होता आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ही सगळी माणसं कॅप्टनला विसरली होती. विसरायला दोन तास पुरले होते.

पडद्यामागून ढोल वाजला. म्हाताऱ्या प्रधानाने राजाचे पाय धरले. "महाराज, आपल्याला ठाऊक होतं. मग आपण बोलला का नाहीत?"

राजा उत्तर देत नाही. कवीने तिथे मौन लिहिलं होतं. ऑब्री रंगमंचाच्या कडेपर्यंत आला, तोंड किंचित उघडलं, मिटलं. नऊशे माणसं त्या मौनात त्याच्याबरोबर उभी होती.

तो सुटणार होता. तिच्या डोळ्यांदेखत, टाळ्यांच्या कडकडाटात, डाग धुऊन तो मोठा होणार होता, आणि लनेथलीला एम्लिन पत्र्याच्या पेट्या मोजत राहणार होता. डिलिसने एक मोजला. दोन मोजले. तीन.

"मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

मोठ्याने नाही. 'विचारलंच'वर जोर देऊन, जसा तो द्यायचा तसाच. त्या शांततेत ते नाणं पडावं तसं खाली गेलं.

क्षणभर काहीच झालं नाही. मग तळमजल्यावर कुणीतरी नाकातून फुसकन हसलं. मग एक बाई. मग सहा आठवड्यांचं उपाशी हसू बांध फुटल्यागत सुटलं. शेजारची जाड बाई ओल्या गालांनी हसत होती, पावाचे तुकडे उडवत. ऑब्रीने हात वर केला, पुढचं वाक्य म्हटलं. कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. तो जितका गंभीर होई तितके लोक फुटत. त्याची नजर वर गॅलरीत फिरली, रांगेरांगेने, शोधत. डिलिसने मान खाली घातली नाही. त्याला ती दिसली का, हे तिला कळलं नाही. पडदा पाडावा लागला.

पुढच्या शनिवारी नाटक बंद झालं. रविवारी ऑब्री तालमीला वेळेवर आला, कोट खुंटीला अडकवला आणि कागद उघडला. डिलिसकडे त्याने पाहिलं नाही.

"ते परत घाल," तो म्हणाला.

"काय?"

"ठाऊक आहे तुला काय ते."

तिने त्याच्याच कागदावर पेन्सिलीने लिहून दिलं. त्या संध्याकाळी टाळ्या दीड मिनिट थांबल्या नाहीत.

जूनमध्ये ती लनेथलीला गेली. एम्लिन घरामागच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसून लीक नावाच्या कांदेपातीच्या रोपांतलं तण काढत होता. केस पांढरे झाले होते त्याचे, चाळिशीतच. डिलिस उलट्या बादलीवर बसली आणि सगळं सांगितलं, पॅसेजपासून गॅलरीपर्यंत, काही न वगळता. तो शिव्या देईल किंवा रडेल, अशी तिची तयारी होती. तो खुरपं चालवत राहिला.

"चांगला होता का?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली. "फारच."

"मला माहीत होतं. इटलीत मीच त्याला सांगायचो, तू हसवण्यासाठी जन्मला नाहीस म्हणून." त्याने मुळाची माती झटकली. "किती थांबलीस?"

"म्हणजे?"

"तो गप्प झाल्यावर. किती मोजलेस?"

"तीन."

एम्लिनने खुरपं खाली ठेवलं. डोळे मिटले. ओठ हलले, तो ते नाटकगृह, ते मौन मनात उभं करत होता, जसं पूर्वी किलबर्नच्या स्वयंपाकघरात करायचा.

"घाई केलीस, डिल," तो म्हणाला. "पाच. पाचव्याला बायका श्वास घेतात. त्या श्वासावर टाकलं असतंस ना, तर हसून हसून पडदा पाडायलाही कुणी उभं राहिलं नसतं."

आणि तो हसला. अडीच वर्षांनी पहिल्यांदा, मातीचे हात पोटाशी धरून, खोकला येईपर्यंत. डिलिसही सुटली. कुंपणापलीकडून शेजारच्या मिसेस रीस डोकावल्या, "काय गं, काय झालं एवढं?" दोघांनाही सांगता येईना.

मग एम्लिनचं हसू ओसरलं. त्याने डोळे पुसले आणि बहिणीकडे पाहिलं. ती अजून हसत होती, बादलीवर पुढे वाकून, दोन्ही मुठी आवळून, आणि तिला थांबता येत नव्हतं.